हात धुतले, पण वाळवले का?



परतूर भागातली माणसे आता कामाकाजासाठी लांबलांब जाऊ लागली आहेत. कोणी दुखणे दाखवायला छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात जाते, कोणाचा मुलगा पुण्याला नोकरीवर असतो म्हणून तिथल्या मॉलमध्ये जाणे होते, कोणी लेकीला पोचवायला विमानतळापर्यंत जाऊन येते. अशा ठिकाणी हात धुण्याच्या जागेजवळ भिंतीवर एक पेटी बसवलेली असते. ओले हात तिच्याखाली धरले, की ती एकदम घोंघावते आणि हवेचा झोत सोडते. नवखा माणूस दचकतो, हात मागे घेतो, कोणी पाहिले तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघतो आणि हात धोतराला नाही तर पदराला पुसून बाहेर पडतो.

या पेटीविषयी अलीकडे गावोगावच्या बैठकांत विचारणा होते. आमच्या तालुक्यातल्या एका गावी तर शाळेच्या हात धुण्याच्या जागी अशी दोन यंत्रे बसवावीत काय, असा प्रश्न निघाला. पैसे देणारे देणगीदार तयार होते. "साहेब, तुम्ही हिशेब करून सांगा," असे मंडळींनी सांगितले. प्रश्न शेतीचा नव्हे, पण घरच्या आरोग्याचा आहे, आणि ज्या घरात माणूस आजारी तिथली शेतीही आजारीच असते. म्हणून आज या यंत्राची हकीकत आणि त्याचा हिशेब, दोन्ही आपल्यापुढे मांडतो.

हे यंत्र आले कोठून?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शाळा, रेल्वे स्थानके आणि खाणावळी यांत हात पुसायला एकच टॉवेल टांगलेला असे. येईल त्याने त्यालाच हात पुसायचे. एकाच्या डोळ्याचा आणि कातडीचा रोग त्या टॉवेलवरून दहा जणांना होई. डॉक्टरांनी आरडाओरड केली आणि तिथल्या कॅन्सास राज्याने १९०९ साली पाण्याच्या सार्वजनिक पेल्यावर आणि त्यानंतर सार्वजनिक टॉवेलवर बंदी घातली. आपल्याकडे रांजणावर ठेवलेला एकच पेला आणि हॉटेलातला एकच टॉवेल आठवा, म्हणजे ही तक्रार काय होती ते कळेल.

टॉवेल गेला, मग हात पुसायचे कशाला? याला दोन उत्तरे निघाली. पहिले कागदाचे. स्कॉट नावाच्या अमेरिकन कंपनीकडे १९०७ च्या सुमारास जाड निघालेल्या कागदाची मोठी खेप पडून होती. ती फेकण्याऐवजी त्याचे तुकडे पाडून हात पुसायला विकावेत, अशी कल्पना मालकाला सुचली, असे सांगतात. दुसरे उत्तर हवेचे. गरम हवेने हात वाळवण्याच्या यंत्राचे पेटंट अमेरिकेत १९२२ मध्ये नोंदले गेले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रोटन गावची एअरड्राय नावाची कंपनी ती यंत्रे विकू लागली. तो धंदा फारसा चालला नाही. पुढे १९४८ मध्ये जॉर्ज क्लेमेन्स या गृहस्थाने सुटसुटीत यंत्र तयार केले, वर्ल्ड ड्रायर कंपनी काढली, आणि तेव्हापासून ही पेटी जगभर पसरली.

पेटीच्या आत काय असते?

आतली रचना साधी आहे. एक मोटार, एक पंखा आणि तापणारी तार. पंखा बाहेरची हवा आत ओढतो, ती तापलेल्या तारेवरून जाते आणि गरम होऊन हातावर पडते. पूर्वी बटण दाबावे लागे. आता हात समोर आला की अदृश्य किरण अडतात आणि यंत्र आपोआप सुरू होते. बटणाला सगळ्यांचे हात लागत नाहीत, हा त्याचा फायदा.

या जुन्या पद्धतीच्या यंत्राला साधारण दोन किलोवॅट वीज लागते. म्हणजे आपल्या पाच अश्वशक्तीच्या मोटारीला लागते तिच्या निम्म्याहून थोडी अधिक. हात नीट कोरडे व्हायला अर्धा मिनिट किंवा त्याहून जास्त वेळ जातो. कारण ते यंत्र पाणी उडवत नाही, पाण्याची वाफ करते. खळ्यावर ओले धान्य पसरून उन्हात वाळवावे, तसा तो प्रकार आहे.

जपानच्या मित्सुबिशी इलेक्ट्रिक कंपनीने १९९३ मध्ये 'जेट टॉवेल' नावाचे यंत्र आणले, त्यात विचारच बदलला. पाणी तापवून घालवायचे नाही, जोराच्या वाऱ्याने खरवडून काढायचे. ब्रिटनच्या डायसन कंपनीने २००६ मध्ये याच तत्त्वावर 'एअरब्लेड' काढले. त्यातली हवा फक्त ०.३ मिलिमीटर रुंदीच्या फटीतून ताशी सुमारे ६४० किलोमीटर वेगाने बाहेर पडते, असे कंपनी सांगत असे. फवारणीच्या पंपाचे नोझल बारीक केले की धार जोरात सुटते, हे आपल्याला ठाऊक आहे. तीच युक्ती इथे हवेला लावली आहे. हात दहा-बारा सेकंदांत कोरडे होतात आणि तापवायचे नसल्याने वीजही कमी लागते. धान्य उन्हात वाळवणे आणि सुपाने पाखडणे, एवढाच फरक जुन्या आणि नव्या यंत्रांत समजावा.

हात कोरडे कशाला हवेत?

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. साबणाने हात धुतले म्हणजे काम झाले, असे आपण धरून चालतो. पण ओला हात आणि कोरडा हात यांत मोठे अंतर आहे.

आपण परतूरच्या मोंढ्यात सोयाबीन घेऊन गेलो, की आडत्या आधी ओलावा बघतो. साठवणीचे धान्य बारा टक्क्यांच्या वर ओले असेल तर त्याला बुरशी धरते. धान्य तेच, पण ओल असली की त्यात नको ते जगते. हाताचेही तसेच आहे. धुतल्यावरही हातावर काही जंतू उरतात. हात ओला असला की पाण्याच्या थेंबाबरोबर ते भाकरीवर, पेल्यावर, लेकराच्या तोंडावर सहज जातात. हात कोरडा असला की ते फारसे सुटत नाहीत.

न्यूझीलंडच्या शास्त्रज्ञांनी हे मोजून पाहिले आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. धुतल्यावर हात दहा सेकंद स्वच्छ फडक्याने पुसले आणि मग वीस सेकंद गरम हवेत धरले, तर ओल्या हाताच्या तुलनेत दुसऱ्याच्या कातडीवर जाणारे जंतू ९९.८ टक्क्यांनी, भांड्यांसारख्या वस्तूंवर जाणारे ९९ टक्क्यांनी आणि अन्नावर जाणारे ९४ टक्क्यांनी कमी झाले. एवढा फरक केवळ वाळवण्याने पडतो. म्हणून हात धुणे हे अर्धे काम आहे, वाळवणे हे उरलेले अर्धे. पेरणी झाली पण पाळी घालायची राहिली, अशी गत करू नये.

यंत्र चांगले की कागद?

या प्रश्नावर परदेशांत पुष्कळ वाद झाला आहे, आणि तो आपल्याला बोधप्रद आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शंभर माणसांचे हात चार वेगवेगळ्या पद्धतींनी वाळवून पाहिले. हातावर उरलेल्या जंतूंत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. पुढे ब्रिटनमधल्या लीड्स येथील शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये वेगळी गोष्ट मोजली, ती म्हणजे यंत्राजवळच्या हवेत उडणारे जंतू. हात नीट धुतलेले नाहीत असे धरून त्यांनी हातांवर निरुपद्रवी जंतू लावले आणि मग ते वाळवले. जोराच्या झोताच्या यंत्राजवळच्या हवेत कागदाच्या तुलनेत २७ पट आणि साध्या गरम हवेच्या यंत्राच्या तुलनेत साडेचार पट जंतू मिळाले. जोरात पाखडले की भुसा शेजाऱ्याच्या अंगावर जातो, तसेच हे.

पण थांबा. लीड्सच्या त्या अभ्यासाला पैसा दिला होता युरोपातल्या कागदी रुमाल बनवणाऱ्यांच्या संघटनेने. उलट, हवेचे यंत्र पर्यावरणाला कागदापेक्षा हलके पडते, असे सांगणारा २०११ चा एक अभ्यास अमेरिकेच्या एम.आय.टी. या नामांकित संस्थेत झाला, आणि तो डायसन कंपनीने करवून घेतला होता. म्हणून दोन्ही अभ्यास खोटे ठरत नाहीत. पण बियाण्याच्या कंपनीचे पत्रक वाचताना आपण जसे विचारतो, की हे पीक कुणाच्या रानात घेतले, पाणी किती दिले, खत किती घातले, तसे इथेही विचारावे. कोणी काय मोजले आणि खर्च कोणी केला, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय शेतकऱ्याला हवी, मग वस्तू कोणतीही असो.

आणखी दोन गोष्टी सांगतो. २०२० मध्ये करोनाच्या साथीत गरम हवेच्या यंत्राने विषाणू मरतो, अशी अफवा पसरली. जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले, की नुसत्या यंत्राने विषाणू मरत नाही. हात धुवा आणि मग कागदाने किंवा गरम हवेने कोरडे करा. दुसरी गोष्ट आवाजाची. कॅनडातल्या एका शाळकरी मुलीने सार्वजनिक स्वच्छतागृहांतल्या यंत्रांचा आवाज मुलांच्या कानाच्या उंचीवर मोजला. काही यंत्रांचा आवाज शंभर डेसिबलच्या वर निघाला. तिचा लेख २०१९ मध्ये बालआरोग्याच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. मोठ्या माणसांनी यंत्र आपल्या उंचीने मापले, मुलीने मुलांच्या उंचीने. लहान लेकरू त्या पेटीखाली कान झाकून रडत असेल, तर त्याला भित्रे म्हणू नये.

शाळेचा हिशेब

आता त्या गावच्या शाळेकडे येऊ. दोनशे मुले पोषण आहाराच्या खिचडीला बसतात, असे धरा.

जुन्या पद्धतीचे दोन किलोवॅटचे यंत्र एका मुलासाठी तीस सेकंद चालले, तर एका युनिटमध्ये साठ मुलांचे हात वाळतात. दोनशे मुलांना सव्वातीन युनिटपेक्षा थोडी जास्त वीज लागली. हा खर्च काही फार नाही. पण वेळ पाहा. दोनशे मुले गुणिले तीस सेकंद म्हणजे सहा हजार सेकंद, म्हणजे शंभर मिनिटे. यंत्रे दोन लावली तरी पन्नास मिनिटे. जेवणाची सुट्टी रांगेतच संपेल आणि खिचडी थंड होईल.

नवीन झोताचे एक किलोवॅटचे यंत्र घेतले, प्रत्येक मुलाला बारा सेकंद दिले, तर एका युनिटमध्ये तीनशे मुलांचे हात वाळतील. वेळ लागेल एका यंत्राला चाळीस मिनिटे, दोन यंत्रांना वीस. हिशेब जमला असे वाटते. पण ते यंत्र महाग, आवाज मोठा, आणि जेवणाच्या वेळी वीज गेली की सगळेच ठप्प. शिवाय नेहमी होते ते असे, की मूल पाच सेकंद हात धरते, कंटाळते आणि सदऱ्याला पुसून पळते. सदरा मातीत लोळलेला. मग धुतले कशाला?

तेव्हा मी मंडळींना सांगितले, की देणगी घ्या, पण ती पाण्याच्या टाकीला, दहा तोट्यांच्या नळाला आणि वर्षाच्या साबणाला लावा. प्रत्येक मुलाने घरून रोज एक धुतलेली दस्ती आणायची. दोनशे मुले, दोनशे दस्त्या. रांग नाही, वीज नाही, आवाज नाही. शाळेत एकच टॉवेल मात्र टांगू नका, नाही तर शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच रोगाला आपण हाताने बोलावणे धाडू.

यंत्र वाईट आहे, असा याचा अर्थ नाही. विमानतळावर, मोठ्या दवाखान्यात बाहेरून येणाऱ्यांच्या गर्दीसाठी, जिथे चोवीस तास वीज, पाणी आणि देखभालीचा माणूस आहे, तिथे ते उपयोगी आहे. अशा ठिकाणी गेलात तर लाजू नका. हात आधी साबणाने नीट धुवा, झटका, मग यंत्राखाली एकमेकांवर चोळत पुरते कोरडे होईपर्यंत धरा. मात्र जिथे नळाला पाणी नाही आणि साबणाची वडी नाही, तिथे हवेची पेटी लावणे म्हणजे विहीर न खोदता मोटार बसवणे होय.

घराची मोरी आणि चूल

सरकारच्या २०१८ च्या नमुना पाहणीत आढळले, की जेवणाआधी साबणाने हात धुणारी कुटुंबे देशात सुमारे ३६ टक्के आहेत, आणि खेड्यांत तर सुमारे २५ टक्केच. शौचानंतर आपण साबण वापरतो, पण जेवणाआधी नुसते पाणी लावतो. दोन्ही वेळा साबण हवा. वीस सेकंद चोळावे, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांखाली लक्ष द्यावे.

पाणी कमी आहे, ही आपली खरी अडचण. तीवर झिम्बाब्वे देशातून निघालेली एक युक्ती आहे. पाच लिटरचा खाद्यतेलाचा रिकामा कॅन स्वच्छ धुऊन घ्यावा. झाकणापासून चार-पाच बोटे खाली, पुढच्या बाजूला तापवलेल्या खिळ्याने एक भोक पाडावे. कॅनच्या मुठीतून काठी घालून ती दोन खुंटांवर आडवी ठेवावी. झाकणाजवळ दोरी बांधून तिचे दुसरे टोक जमिनीलगतच्या एका काठीला बांधावे. पायाने काठी दाबली की कॅन कलतो आणि बारीक धार येते. हात कशालाच लावावा लागत नाही, आणि पेलाभर पाण्यात काम होते. शेजारी जाळीत साबणाची वडी टांगावी. एक बजावून सांगतो, औषधाचा, म्हणजे कीटकनाशकाचा कॅन कितीही धुतला तरी या कामाला घेऊ नये.

आता वाळवण्याचे. घरात प्रत्येकाचे हात पुसण्याचे फडके निराळे असावे. सुती, पातळ, हातभर लांबीचे पुरे. ते मोरीच्या अंधारात ओलेच लोंबत ठेवू नये. रोज धुऊन उन्हात टाकावे. परदेशातल्या यंत्राला वीज लागते, आपल्याला मराठवाड्याचे ऊन वर्षातले बहुतेक दिवस फुकट आहे. पावसाळ्यात दोन जोड ठेवावेत आणि वारा लागेल अशा वळचणीला वाळत घालावेत.

भगिनींना एक विनंती. पदर हा मायेचा असतो, पण त्याच पदराने लेकराचे नाक पुसायचे, चुलीवरचे भांडे उतरवायचे आणि त्यालाच हात पुसून भाकरी थापायची, हे टाळावे. कमरेला एक निराळे फडके खोचावे. पुरुषांच्या उपरण्यालाही हाच नियम. हॉटेलात हात पुसायला जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे ठेवतात, तेही टाळावे. छपाईच्या शाईतले पदार्थ पोटात जाणे बरे नव्हे. अन्न वर्तमानपत्रात बांधू नये, अशी ताकीद अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ मध्ये पुन्हा दिली आहे.

गोठा आणि फवारणी

धार काढताना बोटे दुधात किंवा पाण्यात भिजवून सड ओढण्याची सवय पुष्कळांना आहे. ओल्या हातावरून जंतू सडाच्या तोंडातून आत शिरतात आणि कासेला सूज येते. दूध फाटते, कधी सड कायमचा जातो. धारेआधी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. कास धुऊन स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपावी. प्रत्येक जनावराला निराळे फडके, आणि आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी.

फवारणीचे मात्र वेगळे. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्याकडेही कापूस आहे, तीच औषधे आहेत. फवारणीच्या वेळी हातमोजे घालावेत. काम संपल्यावर हात साबणाने भरपूर पाण्यात दोनदा धुवावेत, मग अंघोळ करावी. त्या दिवशीचे हात पुसण्याचे फडके आणि कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, निराळे धुवावेत. हातावरचे औषध वाऱ्याने उडत नाही, उन्हाने वाळले तरी कातडीवरच राहते. ते साबणपाण्यानेच जाते. विडी, तंबाखू, भाकरी, सगळे त्यानंतर.

मंडळी, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी जन्मभर हातात खराटा घेऊन गावे झाडली. त्यांच्या नावाचे ग्रामस्वच्छता अभियान आपल्या राज्यात २००० पासून सुरू झाले आणि गावे चकचकीत दिसू लागली. गाव झाडले, आता हात उरले आहेत. त्यासाठी भिंतीवरची पेटी आली तर उत्तम, नाही आली तरी काही अडत नाही. एक साबणाची वडी, एक तोटी आणि उन्हात वाळलेले एक निराळे फडके, एवढा संच प्रत्येक घरात, प्रत्येक गोठ्यात आणि प्रत्येक मुलाच्या दप्तरात या आठवड्यात तयार करा. त्या गावच्या शाळेत दस्त्यांची दोरी बांधून झाली आहे. आपल्या गावी बांधाल, तेव्हा मला जरूर कळवा.